पाहुणचाराचा ताळेबंद

भिलाई ही प्रांतोप्रांतीच्या माणसांनी वसवलेली पोलादनगरी. 1959 साली येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली आणि सेक्टरांच्या वसाहतीत मराठी, बंगाली, तेलुगू, मल्याळी कुटुंबे शेजारी नांदू लागली. गावापासून दूर असलेल्या या माणसांना घरगुती मेजवानी म्हणजे आप्तांची उणीव भरून काढण्याचे निमित्तच.

अलीकडे मात्र अशा प्रसंगी गृहिणी तळणीच्या कढईपुढे अडकते, अथवा सारे पदार्थ बाहेरून मागवले जातात. माझ्या मते, हे दोन्ही टाळता येण्याजोगे आहे. छत्तीसगडचा फराच घ्या. तांदळाचे पीठ व उरलेला भात एकत्र मळून बोटाएवढ्या वळ्या कराव्यात आणि त्या आधीच वाफवून ठेवाव्यात. पाहुणे आल्यावर मोहरी, तीळ, हिरवी मिरची व कढीपत्त्याची फोडणी द्यावी. ती घरातील पुरुषही देऊ शकतात! आपली कोथिंबीर वडीदेखील तव्यावर चमचाभर तेलात खमंग होते.

मुलांना चीज प्रिय असते. प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ बरेच असल्याने ते काकडी-टोमॅटोसोबत बेतानेच द्यावे. त्याहून सोपे घरचे पनीर. लिटरभर उकळत्या दुधात लिंबू पिळल्यास साधारण 150 ते 200 ग्रॅम पनीर मिळते. वर मिरपूड व पुदिना पुरे.

खर्चाप्रमाणे श्रमांचेही अंदाजपत्रक हवे. पाहुणे निघून गेल्यावर गृहिणी एकटीच जेवत असेल, तर त्या मेजवानीचा ताळेबंद तोट्याचाच म्हणावा लागेल.