पावसाळा आणि सुतारशाळेंतील यंत्रें

मृगापूर्वीं पाभरी, कुळव व गाड्या यांची दुरुस्ती उरकली कीं सहकारी संस्थांच्या सुतारशाळांतील काम मंदावतें. करवतयंत्र, रंधायंत्र व लेथ हीं बहुधा दसऱ्यापर्यंत स्वस्थ पडून राहतात. खंडेनवमीस पूजेसाठीं दार उघडावें, तों रंधायंत्राचा गुळगुळीत मेज तांबडा झालेला! छप्पर गळलें नसतां गंज आला कसा, असा प्रश्न मग निघतो व दोष लोखंडाच्या जातीस दिला जातो. हें आम्हांस मान्य नाहीं.

गंज येण्यास पाऊस यंत्रावर पडावा लागत नाहीं. लोखंडास पाणी व प्राणवायु हीं दोन्ही मिळालीं म्हणजे पुरे. हवेंतील सापेक्ष आर्द्रता सुमारें शेंकडा ६० च्या वर गेली कीं गंज झपाट्यानें धरतो, आणि कोंकणांत व घाटमाथ्यावर पावसाळ्यांत ती याहून पुष्कळ जास्त असते. शिवाय बिडाचें जड यंत्र रात्रीं थंड झालें कीं सकाळीं लवकर ऊब धरीत नाहीं. अशा वेळीं उबदार दमट हवा आंत आली, तर थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून धरतात तसे थेंब यंत्रावर धरतात. म्हणून कोंदटपणा जावा यासाठीं पावसाळी सकाळीं दारें सताड उघडीं टाकण्याची चाल आम्हांस घातक वाटते. उघडीप पडून ऊन आल्यावर दुपारीं तीं उघडावीं.

दुसरा शत्रु भुसा. तो ओल शोषून लोखंडाशीं धरून ठेवतो. ओल्या बाभळीचा भुसा तर फारच वाईट. काम संपतांच तो झाडून काढावा. गोणपाट पांघरल्यानें यंत्र सुरक्षित होतें हाही भ्रमच होय, कारण गोणपाट स्वतः ओल धरतें. आच्छादन सैल व खालून हवा खेळेल असें असावें.

तेलाविषयींही विवेक पाहिजे. जवसाचें वा करडईचें तेल वाळून चिकट होतें. यंत्राचें खनिज तेलच पातळ लावावें. रॉकेलानें गंज सुटण्यास मदत होते, पण तें उडून जात असल्यानें त्याच्यावर रक्षणाची भिस्त ठेवूं नये. ज्या मेजावरून लाकूड सरकतें तेथें तेलाचे डाग लाकडास लागतात, म्हणून मेण घासून फडक्यानें पुसावें. महिनोन् महिने बंद राहणाऱ्या उघड्या भागांस ग्रीज द्यावें. पटाशा, रंधे व गिरमिटें घट्ट झांकणाच्या पेटींत ठेवून जवळ मडक्यांत अर्धवट भरलेली चुनकळी ठेवावी; ती हवेंतील ओल ओढून घेते. चुनकळी विरली कीं बदलावी.

हे सर्व उपाय स्वल्प खर्चाचे आहेत. अडचण आहे ती जबाबदारीची. जें यंत्र सर्वांचें, तें पुसण्याचें काम कोणाचेंच नसतें. आमची सूचना अशी कीं प्रत्येक संस्थेनें हें काम एका माणसाकडे नेमून द्यावें, त्यास थोडा मेहनताना द्यावा, दर आठ दिवसांनीं पुसून तेल दिल्याची नोंद भिंतीवरील वहींत करवावी, आणि ती वही पंचांनीं मासिक सभेंत पाहावी.

दसऱ्यानंतर लगेच रब्बीची घाई लागते. त्या वेळीं पाभरीचा दांडा मोडला व करवतयंत्र गंजून अडलें, तर ज्याच्या घरीं दुसरी पाभर नाहीं असा लहान शेतकरीच नाडला जातो. वाफसा त्याच्यासाठीं थांबत नाहीं. यंत्र संस्थेनें घेतलें तें त्याच्यासाठींच. तेव्हां संस्थांच्या चालकांनीं आषाढापूर्वींच ही व्यवस्था लावावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.