पोरांना आधी पाड्याचा इतिहास शिकवा



चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. तो आपल्या पोरांनी शिकलाच पाहिजे. पण चौथी पास झालेल्या पोराला विचारा, आपला पाडा कोणी वसवला? आपल्या जंगलात फॉरेस्टवाले कधी आले? पोर गप्प. त्याला वाटतं, इतिहास म्हणजे राजे आणि किल्ले, आपल्या बापजाद्यांनी काही केलंच नाही.

केलं नाही कसं? २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात नाग्या कातकरी गोळी लागून शहीद झाला. १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगावच्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची चाल मोडून काढली. त्याच लढ्यात १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि चार साथी शहीद झाले.

हा नुसता अभिमानाचा प्रश्न नाही, जमिनीचा आहे. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. त्याच्या नियम १३ मध्ये पुरावे दिलेत. बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा हे पुरावे आहेत. दावेदार सोडून गावातल्या जुन्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलं, तर तोही पुरावा आहे. पण जुनी माणसं दरसाल कमी होतात. त्यांच्याबरोबर पुरावाही मातीत जातो.

म्हणून शाळेने एवढं करावं. महिन्यातून एक शनिवार तिसरी-चौथीच्या पोरांना म्हाताऱ्यांकडे न्यावं. जुना पाडा कुठे होता? वेठीला कुठे जावं लागायचं? नांगर कोणी अडवला, दंड किती भरला? पोरांनी आपल्या बोलीत विचारावं, वहीत लिहावं, पाड्याचा नकाशा काढावा. पोरांची वही म्हणजे जबाब नव्हे. पण कोणाला काय ठाऊक आहे, हे त्यातून कळेल. मग वनहक्क समितीने त्या माणसाचा रीतसर जबाब घ्यावा.

कोणी म्हणेल, म्हातारी माणसं वाढवून सांगतात. सांगू देत. दोघांना विचारा, दोन्ही लिहा. पाहिलेलं कोणतं, ऐकलेलं कोणतं, हे पोराला ओळखता आलं की तो इतिहास शिकला. नुसत्या सनावळ्या घोकून हे येत नाही.

गुरुजी म्हणतील, अभ्यासक्रम संपत नाही. त्यांच्याशी भांडू नका, पण मागे हटू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत शंभरात पंच्याहत्तर जण पालक असतात. ती समिती नुसत्या अंगठ्यासाठी नाही. पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, ठराव लिहून घ्या, ग्रामसभेतही वाचा.

आपला इतिहास आपण लिहिला नाही, तर फॉरेस्टच्या कागदावर आपण अतिक्रमणवाले म्हणूनच राहू.