मुलाला फसवून ऑपरेशनला नेऊ नका

"काही नाही रे, डॉक्टरकाका नुसतं बघणारेत." असं सांगून आपण पाच वर्षांच्या पोराला टॉन्सिलच्या ऑपरेशनला नेतो. पोरगं जागं होतं ते दुखऱ्या घशाने, हाताला सलाइन. पुढच्या वेळी ते तुमच्यावर विश्वास का ठेवेल?

दोष एकट्या आईबापांचा नाही. हॉस्पिटलला संमतीपत्रावर सही घ्यायला वेळ असतो, मुलाशी पाच मिनिटं बोलायला नसतो. 'रात्री बारानंतर पाणीसुद्धा नको' हा सरसकट हुकूम, ऑपरेशन दुपारी दोनला असलं तरी! अहो, हलक्या खाण्यानंतर सहा तास, आईच्या दुधानंतर चार, साध्या पाण्यानंतर दोन, हे भूलशास्त्रानेच कधीचं सांगितलंय. तुमच्या मुलासाठी काय, ते भूलतज्ज्ञांना आधीच विचारा.

ब्रिटनमध्ये १९५९ सालीच प्लॅट समितीने सांगितलं, आईबापांना मुलाजवळ राहू द्या. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी 'नातेवाईक बाहेर थांबा!'

मुलाला खरं सांगा: "झोपेचं औषध देतील. उठल्यावर थोडं दुखेल. मी जवळ असेन."

यातलं शेवटचं वाक्य खरं ठरणं हॉस्पिटलच्या हातात आहे. म्हणून ॲडमिट होण्याआधीच विचारा, भूल चढेपर्यंत आणि जाग येताना आम्हाला आत घेणार का? लाजू नका, विचाराच.