लांडगीण, बैल आणि आमचा लोगो

परवा ऑफिसात एका लोगोवरून तीन तास मीटिंग रंगली. क्लायंटला सिंह हवा होता, बॉसला गरुड. मी आपला कोपऱ्यात बसून लॅपटॉपवर रोमन नाणी बघत होतो. टाइमपास नव्हे हो, रिसर्च! प्राण्यांचे लोगो करावेत तर रोमनांनीच.

तेव्हा टीव्ही नाही, होर्डिंग नाही, बहुतेकांना वाचताही येत नाही. पण नाणं हातोहात फिरतं. मग सांगायचं ते प्राण्याच्या तोंडून! इ. स. पू. ४९ च्या सुमारास यादवीत उतरलेल्या ज्यूलियस सीझरने चांदीचे देनारियस पाडले. त्यावर त्याचा चेहरा नाहीच. आहे तो सापासारख्या प्राण्याला तुडवणारा हत्ती आणि खाली एकच शब्द, ‘सीझर’. पुढे ऑगस्टसने इजिप्त घेतलं, तेव्हा नाण्यावर आली मगर आणि ‘इजिप्त जिंकला’ ही ओळ. कॉपीरायटिंग संपलं!

पण माझं फेव्हरिट नाणं हरलेल्यांचं आहे. रोमचा प्राणी म्हणजे रोम्युलस-रेमस या जुळ्यांना दूध पाजणारी लांडगीण. रोमच्या लढायांत इटलीतली मित्रराज्यं सैनिक द्यायची, रक्त सांडायची, पण रोमचं नागरिकत्व मागितलं की नकार. अखेर इ. स. पू. ९१ मध्ये त्यांनी बंड केलं आणि स्वतःची नाणी पाडली. त्यातल्या एका नाण्यावर बैल लांडग्याला शिंगावर घेऊन तुडवतोय! बैल म्हणजे इटली. या नावाचा संबंध जुने लोक वासराशी जोडत. सोबत लॅटिन नव्हे, त्यांच्या ऑस्कन भाषेतली अक्षरं.

रणांगणावर बैल हरला. पण रोमही हादरलं होतं. इ. स. पू. ९० पासून कायदे करून त्याने इटलीतल्या लोकांना नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. मागणी मान्य झाली, बैल मात्र गेला. चार शतकांनंतर कॉन्स्टंटाइनच्या नाण्यांवरही लांडगीणच दिसते.

आमच्या मीटिंगमध्ये शेवटी सिंह जिंकला. तो काढणारा मुलगा कॉन्ट्रॅक्टवर आहे. रात्री अकरापर्यंत थांबतो, प्रेझेंटेशनमध्ये नाव मात्र आमचं. त्याला बैलाचं नाणं फॉरवर्ड केलं. रिप्लाय आला, ‘भारी आहे! कोण जिंकलं?’

उत्तर टाइप केलं, खोडलं. मग प्रेझेंटेशन उघडून पहिल्या स्लाइडवर त्याचं नाव टाकलं. बॉस काय म्हणतो, सोमवारी कळेलच.