बिनलग्नाच्या घरातली कविता

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यातल्या कुणी मोहभंगाची कविता लिहिली, की आपण ती वाचायच्या आधीच निकाल देऊन मोकळे होतो. "लग्न केलं नाही ना, मग असंच होणार!" जालन्यात एका घरगुती काव्यवाचनात हे वाक्य ऐकलं आणि डोकंच फिरलं. कवितेत होतं तरी काय? निम्मं निम्मं भरलेलं भाडं, रोज एकटीनेच विसळलेले दोन कप आणि पाठ फिरवून झोपलेला माणूस. यात लग्नाचा संबंध कुठे आला?

हेच कप लग्नाच्या घरात असते तर आपण म्हणालो असतो, "संसार आहे, भांड्याला भांडं लागणारच." मराठवाड्यातल्या बायकांनी जात्यावर बसून नवऱ्याची, सासरची किती गाऱ्हाणी गायली! त्या ओव्यांना आपण लोकसाहित्य म्हणून डोक्यावर घेतो. पण त्या ऐकून "म्हणून लग्नच करू नये" असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' आठवा. १९७२ साली त्यावर केवढं वादळ उठलं, प्रकरण पार कोर्टात गेलं. सखाराम लग्नाला ढोंग म्हणतो आणि नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणतो. पण घरात आणल्यावर करतो काय? हुकूम, मारहाण, मालकी. म्हणजे ज्या नवरेपणाला शिव्या देतो, तेच स्वतः करतो. ते घर लग्न नव्हतं म्हणून नासलं नाही, लग्नाशिवायही नवरेपणा शिल्लक राहिला म्हणून नासलं.

कायद्याला हे कळलंय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण दिलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं एकत्र राहणं गुन्हाही नाही आणि पापही नाही, असं म्हटलं. (अर्थात, असं प्रत्येक नातं या कायद्यात बसत नाही, हेही त्याच निकालात सांगितलं.) आपण मात्र अजून "पण लग्न का नाही केलं" इथेच अडकलोय!

आणि आमच्या जिल्ह्याने तरी हे बोलूच नये. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 'सावधान' ऐकताच ते बोहल्यावरून पळाले ही कथा आम्ही कौतुकाने सांगतो. मागे राहिलेल्या नवरीचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. लग्न नाकारलेला पुरुष आम्हाला पूज्य आणि लग्नाशिवाय राहून दुखावलेली बाई म्हणजे धडा. हा कुठला न्याय?

असो. आत्या, काका, तुम्ही हे वाचून फोन करणार हे ठाऊक आहे. जरूर करा. मी कुणाला लग्न करू नका असं म्हणत नाहीये. एवढंच सांगतोय, की प्रेम आटल्याचं दुःख कुणी लिहिलं तर आधी ते दुःख ऐकून घ्या. लग्नाचा दाखला मागू नका.