ठशाला कमी लेखणाऱ्यांना

कला म्हटली की आमच्या विद्वानांना तैलरंग आठवतो, सोनेरी चौकट आठवते आणि त्या चौकटीची किंमत आठवते. ठशाचे चित्र म्हणजे त्यांच्या लेखी नक्कल. शंभर प्रती निघतात, त्यात अस्सल ते काय? आणि त्या ठशात भुकेला माणूस दिसला तर निकाल ठरलेलाच: प्रचार! हे दोन्ही शेरे आम्हाला मान्य नाहीत.

न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्युररने 1498 साली 'अपोकॅलिप्स' ही 15 वुडकटची मालिका स्वतःच प्रकाशित केली. त्याची आई आणि बायको आग्नेस हे ठसे बाजारात, जत्रेत विकत. त्याचा 1515 चा गेंडा तर आपल्याच मुलखातला. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फर शाह याने तो पोर्तुगीजांना भेट दिला आणि गोव्याहून तो लिस्बनला गेला. ड्युररने तो कधी पाहिलाच नाही. ऐकीव वर्णन आणि कुणाचे तरी रेखाटन एवढ्यावर चित्र झाले, पाठीवर एक भलतेच शिंगही उगवले! तरी दोनशे वर्षांहून अधिक काळ युरोपने गेंडा म्हणून तोच ओळखला. महालातल्या एकुलत्या एका चित्राची एवढी ताकद असते काय?

आता प्रचाराचे. केटे कोलविट्झ चित्रकला शिकली होती, पण रंग सोडून ती ठशाकडे वळली. नवरा बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर होता. सायलेशियाच्या विणकरांनी 1844 साली केलेल्या उठावावरचे हाउप्टमानचे नाटक तिने 1893 साली पाहिले आणि पुढची चार वर्षे सहा चित्रे करण्यात घातली. तीन लिथोग्राफ, तीन एचिंग. पहिल्या चित्रात घरातली उपासमार, शेवटच्यात घरी आणलेली प्रेते. 1898 च्या बर्लिन प्रदर्शनात परीक्षकांनी तिला सुवर्णपदक सुचवले, कैसर दुसऱ्या विल्हेल्मने ते नाकारले. पुढे 1901 च्या भाषणात याच कैसरने, दैन्य दाखवणारी कला गटारात उतरते, असा शेरा मारला. आमच्या समीक्षकांचा शब्द जरा सभ्य आहे, एवढाच फरक.

प्रचार करणाऱ्याला दोषी नेहमी समोरच्या बाजूला दिसतो. कोलविट्झचा धाकटा मुलगा पेटर 1914 साली स्वखुशीने सैन्यात निघाला. वय अठरा, बापाची परवानगी हवी होती आणि बाप राजी नव्हता. त्याचे मन वळवले ते आईने! ऑक्टोबरमध्ये पेटर मारला गेला. त्यानंतर 'युद्ध' ही सात वुडकटची मालिका पुरी व्हायला 1922 उजाडले. आधी तिने एचिंग करून पाहिले, लिथोग्राफ करून पाहिले, मन भरेना. 1920 साली बार्लाखचे वुडकट पाहिले तेव्हा कुठे वाट सापडली. या मालिकेत सैनिक नाहीत, तोफा नाहीत. 'स्वयंसेवक' या ठशात मृत्यू ढोल बडवत पुढे चालला आहे आणि पोरे त्याच्यामागे ओढली जात आहेत. मृत्यूच्या अगदी शेजारचा पोरगा पेटर आहे.




1919 साली प्रशियन कला अकादमीने तिला सदस्य करून घेतले होते. 1933 साली नाझींनी तिला तिथून बाहेर पडायला लावले.