बसलेली बाई

थायलंडच्या उत्तरेला, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीकडच्या डोंगरांत, पाय नावाचे एक लहानसे गाव आहे. 2024 च्या नोव्हेंबरात, भाऊबीज उरकल्यावर, आम्ही नवराबायको तिथे अकरा दिवस राहिलो आणि काहीही केले नाही. हे मी कबुलीजबाब म्हणून लिहीत नाही. फिर्याद म्हणून लिहिते आहे. परत आल्यापासून ह्या एका गोष्टीवरून माझी इतक्या घरांत उलटतपासणी झाली की, आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरून आता मीच फिर्यादी व्हायचे ठरवले आहे.

पहिला आरोप निघण्यापूर्वीच झाला. हे रोज संध्याकाळी ज्या कट्ट्यावर बसतात तिथे बेत कळला, तेव्हा एका स्नेह्यांनी डोळा मिचकावला आणि म्हणाले, "थायलंड? आणि वहिनींना घेऊन? अहो, खानावळीत जाताना कोणी घरचा डबा नेतो का?" कट्टा खदखदून हसला. हेही हसले. घरी येऊन ह्यांनी तो विनोद मोठ्या निर्मळ मनाने मला सांगितला, आणि मी हसले नाही तेव्हा चकित झाले.

ह्या विनोदातला डबा म्हणजे मी. ते एक वेळ सोडून देऊ. चौतीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईला टोपणनावांची सवय असते. पण खानावळ कोण? बँकॉक धरून 77 प्रांतांचा एक देश. त्यातल्या लक्षावधी बायका पहाटे उठून भात शिजवतात आणि अनवाणी येणाऱ्या भिक्षूंच्या पात्रात तो गुडघे टेकून वाढतात. त्या साऱ्या देशाला आमच्या कट्ट्याने दोन गल्ल्यांत बसवले. त्या गल्ल्या तरी कुठून आल्या? पटाया हे एके काळी कोळ्यांचे गाव होते. 1960 नंतरच्या दशकात व्हिएतनामच्या लढाईतले अमेरिकन सैनिक तिथे सुट्टी घालवायला येऊ लागले आणि गावाचा धंदा बदलला. त्या सुट्टीचे सरकारी नाव काय होते ठाऊक आहे? विश्रांती! पुरुषाच्या विश्रांतीसाठी बाईने राबायचे, हा नियम आमच्या स्वयंपाकघरापासून थेट रणभूमीपर्यंत लागू आहे, हे त्या विनोदामुळे मला प्रथमच नीट उमगले. तेवढ्यापुरती मी त्या स्नेह्यांची ऋणी आहे.

दुसरा आरोप परत आल्यावर झाला, आणि तो करणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. जाऊबाईंनी विचारले, "काय काय पाहिलंत?"

मी म्हटले, "नदी."

"आणि?"

"आणि तीच नदी. संध्याकाळी."

जाऊबाईंना वाटले, मी काहीतरी लपवते आहे. त्यांच्या मागच्या सहलीत सात दिवसांत सोळा ठिकाणे झाली होती. सहलवाल्यांच्या बसने पहाटे साडेपाचला उठवले तरी त्या कुरकुरल्या नाहीत, कारण पैसे भरलेले होते. आता पैसे वसूल करण्यासाठी माणसाने स्वतःलाच वेठीला धरावे, ह्याला काय म्हणावे?

पायमध्ये पाहण्यासारखे काही नाही, असे मात्र कोणी समजू नये. यादी हवी असेल तर देते. डोंगरावर पांढरी शुभ्र बुद्धमूर्ती आहे, तिला साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंनी खोल उतरलेल्या तांबड्या मातीच्या घळी आहेत. गरम पाण्याचे झरे आहेत. सांतिचोन नावाची युन्नानी चिनी लोकांची वस्ती आहे. चीनमध्ये 1949 साली सत्तापालट झाल्यावर जे सैनिक आणि कुटुंबे दक्षिणेकडे निघाली, त्यांच्या वंशजांची. आणि गावाबाहेर एक लोखंडी पूल आहे. हा पूल यादीत पहिला, कारण दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या वाटेवर तो बांधला, असे सांगतात. लोक त्यावर उभे राहून फोटो काढतात. वास्तविक जपान्यांचा पूल लाकडी होता, तो युद्धाच्या अखेरीस जळाला. आजचे लोखंड चिआंग माईमधल्या एका जुन्या पुलाचे आहे, ते 1970 नंतरच्या दशकात इकडे आणून बसवले. यादीवाल्याला ह्याने काहीच फरक पडत नाही. त्याला पूल पाहायचा नसतो. पुलापुढे बरोबरची खूण करायची असते.

आता माझे खरे गाऱ्हाणे सांगते. डोळा मिचकावणारा आणि यादी करणारा हे दोघे एकमेकांना तुच्छ मानतात. पण दोघांच्याही सहलीत बायकोला सुट्टी नाही. पहिला तिला घरी ठेवून जातो. दुसरा तिला बरोबर नेतो, आणि तिच्या डोक्यावर सगळे घर देतो. आमच्या आजवरच्या सहली आठवून पाहते, तर मला महाबळेश्वरचा सूर्यास्त आठवत नाही. दशम्या सुटल्या आणि लोणच्याचे तेल ह्यांच्या सदऱ्याला लागले, ते आठवते. काश्मीरला मी मेतकूट नेले होते. कन्याकुमारीला तीन समुद्र मिळतात तिथे मी सासूबाईंच्या गोळ्या शोधत होते. पूर्वीच्या बायका काशीयात्रेत तीन दगड मांडून चूल पेटवत; आमच्या पिढीने एवढी प्रगती केली, की दगडांऐवजी विजेची किटली आली.

आपल्या भाषेत विसावा, उसंत, सवड, फुरसत, निवांतपणा, असे किती गोड शब्द आहेत! पण बाईच्या वाट्याला ते कसे येतात, पाहा. "तुला सवड झाली की चहा टाक." म्हणजे सवड झाली की काम करायचे! एखादी कुठे टेकलेली दिसली, की "बसूनच असते" हा तिच्यावर ठपका. आणि आम्हीही कशा? "काय करतेस गं?" असे कोणी विचारले, तर "काही नाही, जरा बसलेय," हे आपण अपराध्यासारखे म्हणतो.

म्हणून पायला गेले. चिआंग माईहून तिकडे जाणारा रस्ता सुमारे 130 किलोमीटरचा, त्याला 762 वळणे. हा आकडा छापलेले सदरे गावात विकायला असतात. मी आलेपाकाच्या वड्या तेवढ्या नेल्या होत्या, त्या पाचव्या वळणापासून अख्ख्या गाडीला पुरवल्या. हे माझे शेवटचे गृहकृत्य. त्यानंतर नदीकाठच्या एका बांबूच्या खोलीत उतरलो, ओसरीवर दोन खुर्च्या होत्या, आणि मी त्यांतल्या एकीत बसले.

बसणे सोपे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी बसून पाहावे. पहिले दोन दिवस माझे हात मांडीवर राहत ना. मी ह्यांचे सदरे घड्या घालून पुन्हा उलगडले. तिसऱ्या दिवशी सकाळी धुके नदीवर उतरले होते, मी शाल गुंडाळून बसले होते, आणि हे एकटेच बाजारात गेले. परत आले ते सोयाबीनचे ऊन दूध आणि तळलेल्या पावाचे तुकडे घेऊन. ओसरीच्या पायरीशी थांबले आणि जरा संकोचून म्हणाले, "अगं, बाईनं विचारलं, साखर किती घालू? मला सांगता येईना."

अडतीस वर्षांचा संसार. ह्यांच्या चहात दीड चमचा, दिरांच्या चहात एक, मामंजींना बिनसाखरेचा, हे मला झोपेतही सांगता येईल. मी स्वतः अकरा वर्षांपूर्वी साखर सोडली, हे ह्यांना ठाऊक नव्हते. ह्यांचा दोष नाही, असे मी तेव्हाच म्हणून गेले. आता विचार करता, थोडा आहे. पण मोठा दोष दुसराच आहे. ठाऊक करून घ्यायची वेळच कधी आली नव्हती, कारण पेला नेहमी माझ्याच हातून पुढे जात होता. सोळा ठिकाणे पाहून आलो असतो तर हे ठिकाण राहूनच गेले असते.

आता आक्षेप घेऊ. पहिला: नुसते बसायचेच होते, तर दापोली काय वाईट होती? दापोली फार सुंदर आहे. पण दापोलीत मराठी बोलतात, आणि जो जो मराठी बोलतो तो मला काम सांगू शकतो! जिथे मला "आज भाजी कुठली?" असे विचारण्याइतकी भाषा कोणालाच येत नाही, असे गाव मला हवे होते. आम्हाला तरी तिथली भाषा कुठे येत होती? 'जे' एवढा एक शब्द शिकलो होतो. तो म्हटला की माशाचे पाणी न घालता भाजीभात मिळे. परदेशच हवा असे मात्र मुळीच नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी शेजारच्या गावी जावे, गच्चीवर जावे. पण स्वयंपाकघर हाकेच्या बाहेर असले पाहिजे.

दुसरा आक्षेप माझा मीच घेतला होता, आणि तो अधिक टोचणारा आहे. मी बसले, तेव्हा दुसरी कोणी बाई उभी होतीच की! आमची घरमालकीण शान जमातीची, पन्नाशीची. पहाटेपासून तिचा झाडू, तिच्या चादरी चालू असत. माझी विश्रांती मी पैसे टाकून तिच्या पाठीवर ठेवली काय? तिकडे बायका सुखात लोळतात, असले गोडवे मी गाणार नाही. पाठीशी पोर बांधून बाजारात बसलेल्या डोंगरी बायका मी पाहिल्या आहेत. पण एक गोष्ट पाहिली तीही सांगते. रोज दुपारी ही मालकीण झाडाखालच्या झोळीत आडवी होई. एकदा नवे पाहुणे आले, तेव्हा ती दचकून उठली नाही, पदर सावरला नाही, "जरा टेकले होते हो" असे म्हणाली नाही. तिने त्यांना हाताने बाक दाखवला आणि नवऱ्याला हाक मारली. माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "सबाय." आराम, बरे वाटणे, जिवाला कसली घाई नसणे, हे सारे त्या एका शब्दात असते, आणि तिकडे तो तोंड वर करून उच्चारतात. तिच्या कामाला वेळ होती, म्हणून तिच्या विश्रांतीलाही वेळ होती. आमच्या कामाला वेळच नाही. ते डोळे मिटेपर्यंत असते.

तिसरा आक्षेप: म्हणजे बाईंनी आळसाची तरफदारी चालवली आहे! नाही हो. 15 नोव्हेंबरला पौर्णिमा होती, आपली त्रिपुरी. तिकडे त्याच पौर्णिमेला नदीत दिवे सोडतात. केळीच्या खांबाची चकती, तिला पानांच्या घड्यांची झालर, वर फुले, उदबत्ती, मेणबत्ती. वर्षभर पाणी वापरले, मळवले, त्याबद्दल पाण्याच्या मातेची क्षमा मागायची. आणि त्या मातेचे नाव खोंगखा, म्हणजे आपली गंगाच! त्या दुपारी मी मालकिणीजवळ बसून दोन तास केळीची पाने दुमडली. बोटे हिरवी झाली, पाठ भरून आली, आणि मला फार सुख झाले. का? कोणी वाट पाहत नव्हते, कोणाचे अडले नव्हते, आणि मी मध्येच उठले असते तर कोणी भुवई उंचावली नसती. ह्यांनीही एक दिवा केला. तो वाकडा झाला, तीन हातांवर जाऊन कलंडला. ह्यांनी दुसरा करायला घेतला. मी मदत केली नाही. काठावर बसून पाहिले.

तेव्हा माझी मागणी एवढीच आहे: बाईच्या बसण्याला कारण विचारू नये. ती दमली आहे म्हणून नव्हे, आजारी आहे म्हणून नव्हे, साऱ्यांचे आटोपले आहे म्हणून नव्हे. तिला बसायचे आहे, म्हणून तिने बसावे. आणि सहलीहून परतलेल्या जोडप्याला "काय काय पाहिलंत?" असे विचारण्याऐवजी "वहिनी बसल्या का?" असे विचारावे.

मंडळी, हा अंक तुमच्या हाती आला आहे, त्या अर्थी तुमच्या घरात निदान एक माणूस बसलेले आहे. वाचता वाचता जरा मान वर करून पाहा, उभे कोण आहे. कढईतल्या चकल्यांचा वास येत असेल, तर उत्तर शोधायला लांब जायला नको. अंक तिच्या हाती द्या, खुर्चीही द्या, आणि झारा तुम्ही घ्या. चकली मोडेल. मोडू द्या. नंतर चहा कराल, तेव्हा तिला साखर किती लागते, ते मात्र आठवून पाहा. आठवले नाही, तर लाजू नका, विचारा.